ऑपरेशनआधीची तपासणी: कोकणातून पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

कॅन्सरचं निदान झालं, ऑपरेशन करायचं ठरलं आणि डॉक्टरांनी फाईलवर 'पीएसी' असं लिहून एक तारीख दिली. पीएसी म्हणजे भूल देण्याआधीची तपासणी. बरेच डॉक्टर तिला नुसतं 'फिटनेस' म्हणतात. घरच्यांना वाटतं, रक्त द्यायचं, छातीचा फोटो काढायचा आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. मी सिंधुदुर्गात राहते. वाडीतल्या, नात्यातल्या पेशंटांबरोबर अशा तपासण्यांना जाते. मला वाटतं, ऑपरेशनच्या दिवसाइतकाच हा दिवस महत्त्वाचा आहे. ऑपरेशनच्या दिवशी पेशंट झोपलेला असतो. बोलायचं, विचारायचं, सांगायचं ते सगळं आजच.

निघण्याआधी

आपल्याकडची माणसं चार वाटांनी जातात. चिपळूणच्या आजूबाजूची डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात, सावंतवाडी-दोडामार्गकडची बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, काहीजण घाट चढून कोल्हापूरला आणि उरलेले मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियलला. कुठेही जा, पिशवीत लागणाऱ्या वस्तू त्याच.

बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट घ्याच, पण तेवढ्यावर भागत नाही. त्या तुकड्याचा पातळ काप लावलेली काच आणि उरलेला तुकडा ज्यात ठेवतात तो मेणाचा ब्लॉक ज्या लॅबकडे असेल तिथून मागून घ्या. मोठी हॉस्पिटलं दुसऱ्या लॅबच्या कागदावर विसंबून ऑपरेशन करत नाहीत. काच स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा बघतात. ब्लॉक लहान डबीत, उन्हापासून लांब ठेवा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर मेण मऊ पडतं. सीटी, एमआरआय, पेट स्कॅन झालं असेल तर रिपोर्टबरोबर सीडीही हवी.

चालू असलेल्या गोळ्यांची नुसती यादी नेऊ नका, गोळ्यांची पाकिटंच न्या. 'बीपीची छोटी पांढरी गोळी' एवढ्यावरून भूलतज्ज्ञाला काही कळत नाही. रेशनकार्ड, आधार, जुन्या ऑपरेशनचे किंवा हार्टचे कागद आणि त्यांच्या झेरॉक्स एका फाईलमध्ये ठेवा. आधारवर 'सुलोचना' आणि रेशनकार्डावर 'सुलू' असं नाव असेल तर ते निघण्याआधी तालुक्याला दुरुस्त करायला टाका. सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी अशा एका नावासाठी अडकते.

रेल्वेने जाणार असाल तर कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट पूर्ण माफ आहे. बरोबरच्या एका माणसाला त्याच डब्यांत 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलने ठरलेल्या नमुन्यात भरून दिलेला फॉर्म लागतो आणि तिकीट खिडकीवर काढावं लागतं. पहिल्या फेरीला हा फॉर्म हातात नसतो. म्हणून पहिल्याच फेरीत तो मागून ठेवा, पुढच्या फेरीला कामाला येईल. एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून पूर्ण मोफत. कॅन्सरच्या पेशंटांसाठी वेगळी सवलतही आहे, डेपोत विचारून कोणता दाखला चालतो ते बघा.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि घाटात दरड आली की सगळंच खोळंबतं. तेव्हा जूनपासून तारीख असेल तर आदल्या दिवशी पोचा. मुंबईला राहायचं झालं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन या दोन ठिकाणी आधी चौकशी करा. बहुतेक ठिकाणी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते. तो विभाग शोधायला लाजू नका, त्यांचं कामच ते आहे.

बरोबर दोन माणसं असलेली बरी. एकाने रांगेत आणि पैसे भरायच्या खिडकीवर, दुसऱ्याने पेशंटजवळ. पेशंटजवळचा माणूस वही-पेन घेऊन बसणारा हवा, घाबरून रडणारा नको.

त्या दिवशी काय काय होतं

सकाळी नोंदणी. मग वजन, उंची, बीपी, नाडी आणि बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन. त्यानंतर रक्त. हिमोग्लोबिन, साखर, किडनी, लिव्हर, रक्त गोठायला लागणारा वेळ, रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी हे सगळं एका सुईत चार-पाच नळ्यांमधून जातं. नळ्या बघून पेशंट घाबरतात, पण एकूण रक्त दोन-चार चमचेच असतं. ईसीजी, छातीचा एक्स-रे. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दम्यासाठी फुंकर मारायची तपासणी. उपाशी यायचं की नाही ते आधीच विचारून ठेवा, आणि डबा बरोबर न्याच. रक्त देऊन झालं की आधी पेशंटला खायला घाला. तीन वाजेपर्यंत रांगेत उपाशी बसलेला पेशंट डॉक्टरांसमोर नीट बोलूच शकत नाही.

मग भूलतज्ज्ञांची ओपीडी. दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ हा.

ते तोंड उघडायला सांगतील, जीभ बाहेर काढायला लावतील, मान मागे करायला सांगतील, हलणारे दात आणि कवळी बघतील. ऑपरेशनमध्ये श्वासाची नळी घशातून आत घालायची असते, म्हणून ही पाहणी. वर्षानुवर्षं गुटखा-सुपारी खाल्लेल्या माणसाचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. अशा वेळी पेशंट जागा असताना नाकातून दुर्बिणीची बारीक नळी घालून श्वासाचा मार्ग तयार करतात. आधी समजलं तर त्याची तयारी होते, टेबलावर समजलं तर जिवावर बेतू शकतं. मग विचारतील, 'दोन मजले न थांबता चढता का?' लिफ्टने फिरणाऱ्याला हे सांगता येत नाही, पण आपल्याकडे प्रत्येकाच्या घराला पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्या, असतात. विहिरीपासून घरापर्यंत कळशी घेऊन येताना आता किती वेळा टेकावं लागतं, आणि सहा महिन्यांपूर्वी किती वेळा टेकावं लागत होतं, हे सांगा. डॉक्टरांना त्यातून हृदय आणि फुप्फुसांबद्दल बरंच कळतं.

आणि मग तंबाखू. एका मावशीबरोबर आत गेले होते, तेव्हा डॉक्टरांनी विचारल्याबरोबर त्या म्हणाल्या, "मी तंबाखू खाणंय नाय." खरंच खात नव्हत्या. त्या थांबल्या. डॉक्टर लिहायला लागले, तेव्हा पुढे हळूच म्हणाल्या, "फकत मिशरी लावतंय. सकाळी आणि सांजचा." मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून सरळ रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं, जखमेकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं. डॉक्टरांनी न रागावता 'आजपासून बंद' असं लिहिलं, आणि मावशींना ते पटलं, कारण त्यांना कारण समजलं. विडी, सिगरेट, तंबाखू, मिशरी, पान, काहीही असो, नाव घेऊन सांगा. चार आठवडे आधी बंद झालं तर उत्तम. पण ऑपरेशन आठ दिवसांवर आलं असेल तरी आजच बंद करा. विडीतला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांतच रक्तातून कमी होतो.

दारूचं याहून अवघड. रोज पिणारा माणूस मुलाबाळांसमोर 'कधीतरी' म्हणतो. ऑपरेशन होतं, दारू अचानक बंद होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डमध्ये हात थरथरायला लागतात, भास होतात, माणूस सलाईन उपटतो. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. आधी माहीत असेल तर डॉक्टर गोळ्या चालू करून हे टाळू शकतात. म्हणून बरोबरच्या माणसांना माझी विनंती आहे: या प्रश्नाच्या वेळी दोन मिनिटं बाहेर जा. काकांना एकट्याने बोलू द्या.

तसंच झाडपाला, काढे, गावच्या वैद्याची पुडी. कॅन्सर कळल्यापासून अर्धा गाव काही ना काही आणून देतो आणि प्रेमानेच देतो. त्यातल्या काही गोष्टींनी रक्त पातळ होतं, काहींनी लिव्हरवर ताण येतो. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका, पुडी दाखवा.

बंद करायच्या आणि चालू ठेवायच्या गोळ्यांचा निर्णय स्वतः घेऊ नका, दुकानदाराला विचारूनही घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल तर ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. साखरेच्या काही नव्या गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं, त्या साधारण तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात. बीपीच्या काही गोळ्या ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्याच असतात, काही त्या दिवशी टाळायच्या. प्रत्येक पाकिटावर पेनाने लिहून घ्या: चालू, किंवा बंद आणि कोणत्या तारखेपासून.

हिमोग्लोबिन कमी निघालं तर घाबरू नका, आपल्याकडे बायकांमध्ये ते वरचेवर कमीच असतं. आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरमध्ये रक्त जाऊनही कमी होतं. वेळ असेल तर लोहाचं इंजेक्शन देतात, नसेल तर रक्त. रक्तदाते लागतील का ते त्याच दिवशी विचारा. वाडीतून माणसं आणायची तर वय किमान 18, वजन किमान 45 किलो, आणि पुरुषाने मागच्या तीन महिन्यांत, बाईने चार महिन्यांत रक्त दिलेलं नको.

सर्जनकडे

इथे घाई करू नका. 'काय काढणार, किती काढणार, काढल्यावर शरीर कसं चालेल' हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. काही ऑपरेशनांत टेबलावरच गाठीचा तुकडा तपासायला पाठवतात आणि त्यावरून किती काढायचं ते ठरतं. तसं असेल तर दोन्ही शक्यता आधी ऐकून घ्या.

तोंडाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन असेल तर गळ्याला श्वासासाठी भोक, नाकातून जेवणाची नळी, आणि काही दिवस बोलणं बंद, हे आधी समजलेलं असावं. लिहिता येणाऱ्याला पाटी-पेन्सिल द्या. लिहिता न येणाऱ्यासाठी घरूनच खुणा ठरवून जा: पाणी, दुखतंय, लघवी, कूस बदल. गालाची जागा भरायला हाताच्या मनगटाजवळची कातडी घेणार असतील तर डॉक्टर मनगटाच्या दोन्ही नाड्या दाबून, एकेक सोडून हाताला रक्त कसं येतं ते बघतात. बहुतेक डावाच हात असतो. त्यानंतर त्या हाताला सुई लावू द्यायची नाही. रक्त घ्यायला कोणी आलं तर पेशंटनेच दुसरा हात पुढे करावा आणि का ते सांगावं.

गुदाशयाच्या ऑपरेशननंतर पोटावर शौचासाठी पिशवी लागण्याची शक्यता असेल तर नर्स आधीच पेनाने पोटावर खूण करते. तेव्हा नुसतं झोपून राहू नका. बसून, उभं राहून, वाकून दाखवा. बाई असेल तर नेहमीची साडी नेसून निऱ्या कुठे खोचता ते दाखवा, पुरुष असेल तर लुंगीची गाठ कुठे येते ते. खूण कमरेच्या घडीत आली तर पुढे पिशवी गळते. ती आपल्याला स्वतःला मान खाली करून दिसेल अशा जागी हवी. ही पाच-दहा मिनिटं पुढची कित्येक वर्षं सुखाची करतात.

स्तनाच्या ऑपरेशनाला जाणाऱ्या बायकांनी काखेतल्या गाठी किती काढणार, हात किती दिवसांनी वर करायचा, व्यायाम कोण शिकवणार हे विचारावं. मूल हवं असलेल्या तरुण पेशंटांनी, बाई असो वा पुरुष, तो विषय आजच काढावा. पुढे केमो असेल तर नंतर उशीर होतो.

संमतीपत्रावर सही करण्याआधी ते मराठीत मागा. मराठीत नसेल तर कोणाला तरी वाचून सांगायला सांगा. आणि इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्या घरांत अजूनही 'बाबांना सांगू नका, ते खचतील' असं म्हणून पेशंटला गाठीचं ऑपरेशन आहे एवढंच सांगतात. सही मात्र बाबांनीच करायची असते. ऑपरेशननंतर आरशात स्वतःचा चेहरा बघणार बाबा, पिशवी बदलणार बाबा, गळ्याच्या नळीने श्वास घेणार बाबा. ज्याला आधी सांगितलं आहे तो श्वासाचा व्यायाम करतो, दुखलं तर सांगतो, घास गिळायला पुन्हा शिकतो. ज्याला सांगितलेलं नसतं तो जागा झाल्यावर घरच्यांवरचा विश्वास हरवून बसतो. कसं सांगायचं ते जमत नसेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना सांगायला लावा. तुम्ही फक्त हात धरून शेजारी बसा.

पैसे आणि मंजुरी

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण हॉस्पिटल योजनेत हवं आणि ऑपरेशनला आधी मंजुरी लागते. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, त्याच दिवशी भेटा. हेल्पलाइन 155388. गोव्याला जाणार असाल तर तिथे तुमच्या उपचाराला योजना चालेल का हे निघण्याआधीच विचारा. मंजुरीआधीच ऑपरेशन झालं तर नंतर पैसे मिळवणं फार कठीण जातं.

घरी परतल्यावर, तारखेपर्यंत

हातात श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन छोटे चेंडू असलेलं प्लास्टिकचं यंत्र दिलेलं असेल. ते फुंकायचं नाही, नळीतून श्वास आत ओढायचा, सावकाश, चेंडू वर चढेपर्यंत, आणि धरून ठेवायचा. दिवसातून बऱ्याच वेळा, थोडं थोडं. ओटीवर बसून करा. फुप्फुसाच्या खालच्या भागापर्यंत हवा गेली की ऑपरेशननंतर न्यूमोनियाची भीती कमी होते. रोज चाला.

कॅन्सर झाला म्हणून मासे, अंडी बंद करणारे खूप जण भेटतात. जखम भरायला प्रथिनंच लागतात. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं नसेल तर बांगडा, पेडवे, अंडी सगळं खा. शाकाहारी असाल तर कुळथाची पिठी, डाळ, दूध, दही वाढवा. गिळता येत नसेल तर आहारतज्ज्ञाकडून पातळ खाण्याचं लिहून घ्या. वजन झपाट्याने उतरत असेल तर तारखेची वाट न बघता कळवा.

ऑपरेशनच्या जागेचे केस घरी ब्लेडने काढू नका. बारीक खरचटलं तरी त्यातून जंतू शिरतात. लागलं तर हॉस्पिटलमध्ये मशीनने काढतात. नखांवरचं पॉलिश काढा. बोटात रुतलेली अंगठी, जोडवी, हातातल्या बांगड्या घरीच साबण लावून उतरवा, नाहीतर सोनाराकडून कापून घ्या. ऑपरेशनमध्ये विजेचा चिमटा वापरतात आणि नंतर हाताला सूज येते, म्हणून धातू अंगावर नको. काचेच्या बांगड्या उतरवताना पुष्कळ बायकांना भरून येतं. त्या वेळी घाई करणारी नर्स नको, घरची बाई जवळ असावी, म्हणूनच हे घरी करायला सांगते.

उपाशी राहण्याचा नियम नीट समजून घ्या. साधारणपणे हलक्या अन्नापासून सहा तास, तेलकट-मटणाच्या जेवणापासून आठ, आणि साध्या पाण्यापासून दोन. पण तुमच्या हॉस्पिटलने लिहून दिलेली वेळ हीच खरी. आपल्याकडे पेज म्हणजे पाणीच असं समजून सकाळी वाटीभर पेज पाजतात. पेज हे अन्न आहे. दुधाचा चहा, सोलकढी, ताक हे पाण्यात धरत नाहीत. पोट भरलेलं असताना भूल दिली तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते. चुकून खाल्लं गेलं तर लपवू नका, सांगा. ऑपरेशन पुढे ढकललं जाईल, एवढंच.

घराकडेही बघा. रिक्षा अंगणापर्यंत येते की पाणंदीतून चालायचंय? संडास परसात असेल तर रात्री कोण नेणार? चुलीच्या धुरापासून खाट लांब आहे का? पोटाच्या ऑपरेशननंतर साधारण सहा ते आठ आठवडे कळशी, गवताचा भारा, आंब्याची पेटी काहीच उचलायचं नसतं. लावणी किंवा आंब्याचा सीझन त्यात येत असेल तर माणसं आत्ताच लावा. टाके कुठे काढायचे ते विचारून, जवळच्या ग्रामीण रुग्णालयासाठी चिठ्ठी मागून ठेवा.

'गणपती झाल्यावर करू का?' हे दरवर्षी ऐकते. कोकणी माणसासाठी हा प्रश्न खराच मोठा आहे. पण त्याचं उत्तर सर्जनकडून घ्या, भावकीकडून नाही. काही कॅन्सरमध्ये दोन आठवड्यांनी फरक पडत नाही, काहींमध्ये पडतो. आणि गणपतीत ऑपरेशन असेल तर परतीच्या गाडीचं तिकीट आधीच बघा, त्या दिवसांत आयत्या वेळी जागा मिळत नाही.

तारीख हॉस्पिटलकडूनही पुढे जाऊ शकते. तातडीचा पेशंट आला, आयसीयूत खाट नाही, रिपोर्ट जुने झाले, अशी कारणं असतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. मधल्या दिवसांत ताप, खोकला, जुलाब, गळू काहीही झालं तर तेही त्याच नंबरवर कळवा. पावसाळ्यात ताप अंगावर काढून गाडीत बसू नका. वॉर्डचा किंवा ओपीडीचा तो नंबर दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करा आणि फाईलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आपल्याकडे रेंज गेली की फोन उपयोगाचा नसतो, कागद शेजारच्याला देऊन फोन लावून घेता येतो.